एम्स, ओक्स

एम्स, ओक्स : (१० जानेवारी १८०४ – ८ मे १८७३). अमेरिकन कारखानदार, रिपब्लिकन लोकप्रतिनिधी व युनियन पॅसिफिक रेल्वेचा भांडवलदार. जन्म मॅसॅचूसेट्समधील ईस्टन येथे. वडिलांचा फावड्यांचा कारखाना १८४४ मध्ये ओक्स व धाकटा भाऊ ऑलिव्हर यांच्याकडे आला. कॅलिफोर्नियातील सोन्याचा शोध, रेल्वेची कामे आणि यादवी युद्ध यांमुळे फावड्यांचा खप अफाट वाढला. १८६३–७३ या काळात ओक्स प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. पुढे ऑलिव्हर युनियन पॅसिफिकचा अध्यक्ष झाला (१८६६–७१).

सरकारी कर्जरोखे व जमिनी मिळालेल्या या रेल्वेच्या बांधकामाचा नफा क्रेडिट मोबिलियर या कंपनीमार्फत रेल्वेच्याच भागधारकांच्या खिशात जाई. १८६७-६८ मध्ये एम्सने तिचे भाग काही लोकप्रतिनिधींना दर्शनी किमतीत दिले. खरी किंमत तिच्या कितीतरी पट होती. १८७२ च्या निवडणुकीच्या धामधुमीत न्यूयॉर्कच्या ‘सन’ने हे प्रकरण उघडकीस आणले. प्रतिनिधिगृहाच्या समितीने केलेल्या चौकशीत एम्सने आपली टिपणवही पुढे केली. त्याने काढलेला १,२०० डॉलरचा एक धनादेश ‘एस. सी.’ या आद्याक्षरांच्या नावे होता. तो आपल्याला मिळाल्याचे उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्सने नाकारले, पण त्याच सुमारास तेवढीच रोकड त्याच्या बँकखात्यात जमा झालेली आढळली. रेल्वेला सवलती देणारे कायदे १८६२ व १८६४ मध्येच झाले होते, मग लाच कशासाठी, हा एम्सच्या समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे. पण पुरेसा नाही. सवलती पदरात पडल्यावर रेल्वेला हवे होते ते सभागृहाचे दुर्लक्ष, आणि तिच्या दरांवर नियंत्रण आणण्याची मागणी तेव्हाच पुढे येत होती. मित्रांना भागीदार करून घेण्यात कारखानदाराला गैर वाटले नसेलही. सभासद म्हणून ते गैरच होते. तथापि, देणाऱ्याचा हेतू दूषित आणि बहुतेक घेणारे मात्र निर्मळ, हा समितीचा निष्कर्ष कोणत्याही तर्कात बसत नाही. समितीने सुचविलेली हकालपट्टी टळली; फेब्रुवारी १८७३ मध्ये एम्स व सभासद जेम्स ब्रुक्स या दोघांवरच निषेधाचा ठराव झाला.

कुटुंब : पत्नी एव्हलिना गिलमोर.

स्मारके : वायोमिंगमधील शर्मन येथे एम्स बंधूंचा ग्रॅनाइटचा पिरॅमिड (१८८२, वास्तुकार एच. एच. रिचर्डसन).

निषेधाच्या ठरावानंतर दोन-सव्वादोन महिन्यांतच एम्स निधन पावला. १८८३ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या विधिमंडळाने त्याला निर्दोष ठरविणारा ठराव केला; त्या वेळी त्याचा मुलगा ऑलिव्हर त्याच राज्याचा उपराज्यपाल होता.