जादा एक तास

‘सवलत’ हा शब्द आपण सगळ्यात जास्त ऐकतो तो एसटीत. ज्येष्ठांची सवलत, विद्यार्थ्यांची सवलत, दिव्यांगांना ७५ टक्के सवलत. शब्द मूळचा अरबी-फारसीकडचा, ‘सुहूलत’, म्हणजे सोपेपणा. हिंदीत त्याचं ‘सहूलियत’ झालं आणि अर्थ बऱ्यापैकी जागेवर राहिला. मराठीत मात्र तो हळूहळू ‘सूट’च्या शेजारी जाऊन बसला. जे खरं तर द्यायची गरज नाही, पण मोठ्या मनानं दिलंय, ते म्हणजे सवलत.

बारामती-इंदापूर पट्ट्यात एखादा अंध किंवा हातानं लिहिता न येणारा विद्यार्थी परीक्षेसाठी लेखनिक आणि वेळ मागायला कॉलेजच्या ऑफिसात जातो, तेव्हा त्याच्या अर्जावरचा विषय बहुतेक वेळा असा असतो : ‘सवलत मिळणेबाबत विनंती अर्ज’. कायदा त्या गोष्टीला सवलत म्हणत नाही. कायद्याच्या लेखी ते कॉलेजचं काम आहे. हे कधीपासून आणि कसं झालं, ते शोधायला बसलो तर सुरुवात घरापासून फार लांब निघाली नाही.

बारामतीहून रेल्वेनं दौंडमार्गे पुण्याला निघालात की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन तिथलं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी तिथे शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, हे शाळेत शिकवतात. त्यात अंध मुलीही होत्या आणि त्यांना तिथे ब्रेल शिकवली जायची, हे सहसा शिकवत नाहीत. ज्या काळात डोळस मुलीनं वाचणं हीच मोठी बातमी होती, त्या काळात आपल्या जिल्ह्यात एका माळरानावर अंध मुली बोटांनी वाचत होत्या. मला हे कळलं तेव्हा वय पंचविशीच्या पुढे होतं, आणि केडगाव स्टेशनवरून मी तोवर किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही.

पण ब्रेलनं वाचन सुटतं, परीक्षा सुटत नाही. विद्यार्थ्याला ब्रेल येते, पेपर तपासणाऱ्याला येत नाही. शाळा अंधांचीच असेल तर प्रश्न नसतो. साध्या कॉलेजात मात्र उत्तर कुणीतरी शाईनं कागदावर उतरवून द्यावं लागतं. तिथून लेखनिक आला. हाताला कंप असलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामुलींसाठीही पुढे तोच मार्ग झाला. सुरुवातीला हे सगळं ओळखीवर आणि प्राचार्यांच्या स्वभावावर चालायचं. प्राचार्य चांगले असतील तर सोय व्हायची, नसतील तर शिक्षण थांबायचं.

१९६२ साल घ्या. त्या वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं आणि शेतकऱ्यांच्या पोरांना पदवीसाठी पुण्याला जायची गरज उरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा पोलिओ झालेला मुलगा बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. तो ज्या लोखंडी श्वसनयंत्रात झोपायचा, ते वसतिगृहाच्या खोलीत मावणारं नव्हतं. म्हणून विद्यापीठानं त्याला आवारातल्या रुग्णालयात राहायला दिलं. त्याच्यामागून तशीच आणखी मुलं आली, त्यांनी आपली संघटना बांधली. १९७३ साली अमेरिकेत कायदा झाला. त्याचे नियम सरकार चार वर्षं काढेना, तेव्हा १९७७ साली दिव्यांग आंदोलकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. ‘रीझनेबल अकोमोडेशन’ हा शब्दप्रयोग याच काळात अपंगत्वाच्या कायद्यात रुळला. म्हणजे माणसाला इमारतीत, वेळापत्रकात, परीक्षेत बसवायचं असेल तर आधी इमारत, वेळापत्रक, परीक्षा थोडी हलवा. मराठीत याला नेमका शब्द नाही. मला विचाराल तर ‘सोय’ हा सगळ्यात जवळचा. पाहुणा आला की आपण त्याची झोपायची सोय करतो, त्याला कुणी सवलत म्हणत नाही.

भारतात कायदा व्हायला १९९५ उजाडलं. ७ फेब्रुवारी १९९६पासून तो लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा होत्या, आणि कलम ३१ मध्ये एक छोटंसं वाक्य होतं : अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेची. शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, असं त्यात कुठेही नाही. तरी त्यानंतरची कित्येक वर्षं, आणि बऱ्याच ठिकाणी आजही, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखनिकासाठी गावभर फोन विद्यार्थीच करत असतो.

लेखनिक कोण असावा, यावर तर वेगळीच लढाई झाली. तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, वेगळ्या शाखेचा हवा, त्याला अमुक टक्क्यांपेक्षा कमी गुण हवेत, असे प्रत्येक संस्थेचे आपापले नियम असत. २००७ साली अंधांच्या एका संघटनेच्या वतीनं स्टेट बँकेविरुद्ध दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार गेली. निकाल लागला २३ नोव्हेंबर २०१२ ला, म्हणजे पाच वर्षांनी. त्यातून २६ फेब्रुवारी २०१३ रोजी केंद्र सरकारची लेखी परीक्षांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली. लेखनिकासाठी शिक्षण, गुण, वय अशा कसल्याही अटी नकोत, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लेखनिक निवडायचा पर्याय विद्यार्थ्याचा. परीक्षेच्या एक दिवस आधी लेखनिकाला भेटायची मुभा. तासाला किमान वीस मिनिटं वेळ वाढवून.

आणि एक मुद्दा असा, जो वाचून मी मोबाईल खाली ठेवला. या वेळेला ‘जादा वेळ’ म्हणू नका, ‘भरपाईचा वेळ’ म्हणा, असं सरकारनं स्वतः सांगितलं होतं. सरकारी परिपत्रकात शब्दाची इतकी काळजी क्वचित दिसते. जादा म्हणजे इतरांपेक्षा अधिक काहीतरी. भरपाई म्हणजे जो वेळ परीक्षेच्या पद्धतीनंच खाल्ला, तो परत.

हा वेळ नेमका कुठे जातो, हे मी स्वतः पाहिलंय. २०१४च्या उन्हाळ्यात मी अकरावीत होतो आणि आमच्या इंदापूर तालुक्यातल्या एका दादाचा लेखनिक म्हणून बसलो होतो. तो बीएला होता, पूर्ण अंध. कॉलेजचं नाव सांगत नाही. ऑफिसातल्या साहेबांनी माझं बोनाफाईड मागितलं, दहावीची गुणपत्रिका मागितली, दोन फोटो मागितले. मला दहावीला चांगले मार्क होते, ते बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. २०१३चं परिपत्रक निघून वर्ष झालं होतं. ते त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

आम्हाला बसवलं एका प्रयोगशाळेत, कारण वर्गात बोललो तर बाकीच्यांना त्रास. बसायला उंच स्टूल. विषय राज्यशास्त्र. मी प्रश्न वाचायचो, दादा म्हणायचा, “परत वाच.” मग तो डोक्यात उत्तराचा आराखडा करायचा. तुम्ही-आम्ही तो पेपरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं करतो, त्याला सगळं लक्षात ठेवावं लागायचं. मग तो सांगायला लागायचा आणि मी विज्ञान शाखेचा पोरगा ‘सार्वभौमत्व’पाशी अडायचो. “कसं लिहू?” तो फोड करून सांगायचा. तोवर पुढचं वाक्य त्याच्या हातातून निसटायचं. “कुठवर आलो होतो? वाच बरं.” मी मागचं अर्धं पान वाचून दाखवायचो. एक परिच्छेद गाळून पुढे गेलाय हे त्याच्या लक्षात आलं की वर बाण काढून घुसडायचा आणि तो बाण कुठून कुठे जातो तेही त्याला सांगायचं. या सगळ्यात एका तासामागे वीस मिनिटं जातात का? जास्तच जातात. वीस हा तडजोडीचा आकडा आहे.

तीन तास झाले आणि पर्यवेक्षक गठ्ठा घ्यायला आले. दादा म्हणाला, “सर, अजून एक तास आहे.” सर वाईट नव्हते. ते म्हणाले, “अरे, देतो की सवलत. घे पंधरा मिनिटं.” दादानं पुन्हा सांगितलं, तेव्हा अर्धा तास झाला. अठरा गुणांचा प्रश्न राहिला. बाहेर आल्यावर मी चिडलो होतो, तो नव्हता. “पुढच्या पेपरला पत्र घेऊन येऊ,” एवढंच म्हणाला. पुढच्या पेपरला पत्र होतं आणि पूर्ण तासही मिळाला.

यानंतर कायदा भराभर बदलला. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६चा, भारतानं त्याला मान्यता दिली १ ऑक्टोबर २००७ ला. त्यावर आधारलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, तो लागू झाला १९ एप्रिल २०१७पासून. सातचे एकवीस प्रकार झाले. त्यात डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या, स्वमग्नता आली, सिकलसेल आणि हिमोफिलिया आले. उच्च शिक्षणात ३ चे ५ टक्के झाले. कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत बदल, वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आला. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१७ च्या निकालात सगळ्या उच्च शिक्षणसंस्थांना जागांचं आणि इमारतींच्या सुगम्यतेचं बंधन पाळायला सांगितलं. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या सुधारित तत्त्वांत एक जुनी अट मागच्या दारानं परत आली : स्वतःचा लेखनिक आणलात तर तो एक पायरी कमी शिकलेला हवा. लबाडीची भीती. गंमत म्हणजे लेखनिक न घेणारी मुलं कॉपी करतात, म्हणून कुणी त्यांचे पेन काढून घेत नाही.

या भीतीला २०२१ साली मोठं उत्तर मिळालं. विकास कुमार हे एमबीबीएस डॉक्टर. लिहिताना हात आखडण्याचा त्रास. लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला, कारण ठरवलेल्या प्रकारांत आणि ४० टक्क्यांच्या चौकटीत ते बसत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोय मिळण्यासाठी नाही. गैरवापर होईल या शंकेवरून हक्क नाकारता येत नाही, असंही त्यात आलं. त्या निकालामुळे १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळी तत्त्वं निघाली.

त्याच वर्षी मुंबईतलं एक प्रकरण झालं, ते मला जास्त जवळचं वाटतं. अवनी प्रकाश ही डिसग्राफिया असलेली विद्यार्थिनी, १२ सप्टेंबर २०२१ ची नीट. तिला एक तास भरपाईचा वेळ मिळायला हवा होता. केंद्रावर तीन तास संपल्यावर तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयात तिला दिलासा मिळाला नाही. २३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की चूक तिची नव्हती, तिचा हक्क हिरावला गेला. पण एकटीसाठी पुन्हा परीक्षा घ्या, असं न्यायालय म्हणालं नाही. झालेल्या अन्यायाची दुरुस्ती कशी करता येईल ते आठवडाभरात ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं. निकाल वाचताना मला त्या प्रयोगशाळेतले अठरा गुण आठवले. वेळ जाऊन मग मिळालेला न्याय पेपरात लिहिता येत नाही.

मधल्या काळात ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. ‘सवलत’ तशीच राहिली. १ जून २०२१पासून प्रमाणपत्र ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवरून. अर्ज मोबाईलवर होतो, तपासणीला मात्र रुग्णालयात जावंच लागतं. इंदापूरच्या टोकाच्या गावातल्या मुलाला पुण्याला जायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्यात २०२४ साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून खऱ्या प्रमाणपत्राकडेही आधी वाकड्या नजरेनं पाहिलं जातं, अशी तक्रार मी आमच्याकडच्या दोघा-तिघांकडून ऐकली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यालाही नावं ठेवायला जागा आहे. स्क्रीन रीडरवर फॉर्म चालत नाही अशी तक्रार आली की ती यादीच्या तळाशी जाते, आणि दर पंधरा दिवसांनी आणखी खाली सरकते.

दादा आता शिक्षक आहे. परीक्षेच्या हंगामात त्याला आसपासच्या तालुक्यांतल्या मुलांचे फोन येतात. त्यानं अर्जाचा एक नमुना टाइप करून ठेवलाय आणि मागेल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. विषयात ‘सवलत’ नाही, ‘विनंती’ही नाही. ‘कलम १७ नुसार लेखनिक व भरपाई वेळेची व्यवस्था करणेबाबत’ असं आहे. खाली परिपत्रकांच्या तारखा, आणि ‘लेखनिक महाविद्यालयाने उपलब्ध करून द्यावा, अन्यथा मी आणेन’ अशी एक ओळ. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, असं तो प्रत्येकाला आवाजी मेसेजमध्ये वेगळं सांगतो.

नमुन्याच्या शेवटी मात्र ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ तसंच आहे. हे का ठेवलं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, “ते काढून पाहिलं होतं रे एका वर्षी. साहेब म्हणाले, अर्ज नीट लिहून आणा.”