घोड्याचे रक्त आणि कुत्र्याचे मूत्रपिंड

सर्पविषावरचा उतारा घोड्याच्या रक्तापासून करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. परके मूत्रपिंड शरीर नाकारते ते लसिकापेशींच्या जोरावर. मग त्यांच्यावरच उतारा का नको? पांढऱ्या पेशी मारणारे रक्तजल मेच्निकॉफने १८९९ मध्येच केले होते. १९६३ मध्ये वुडरफ व अँडरसन यांनी अशा रक्तजलाने उंदरांवरील कातड्याची कलमे टिकवली. पुढे डेन्व्हरच्या स्टार्झलने घोड्याला कुत्र्याच्या लसिकापेशी टोचल्या आणि त्याचे रक्तजल कुत्र्यांना शस्त्रक्रियेआधीपासूनच दिले. मूत्रपिंडे अधिक टिकली. पण घोड्याचे प्रथिनही शरीराला परकेच, त्याचा त्रास निराळा! तरी १९६६ मध्ये स्टार्झल माणसांकडे वळला. आम्हांला ही घाईच वाटते. मात्र त्या रोग्यांजवळ थांबण्याइतके दिवस नव्हते.