सॉम, 1 जुलै 1916 : शिपायांनी सांगितलं होतं

पहिलं महायुद्ध. फ्रान्समध्ये सॉम नदीच्या उत्तरेला ब्रिटिश तोफा 24 जूनपासून धडधडत आहेत. आठवडाभरात सुमारे 15 लाख गोळे जर्मन खंदकांवर पडले. 29 जूनचा हल्ला पावसामुळे दोन दिवस पुढे गेला आहे. पलीकडे कुणी जिवंत उरणार नाही, रांगेत चालत जायचं, असं अनेक पलटणींना सांगण्यात आलं आहे.

30 जून, रात्र. गस्तीवरून परतलेले शिपाई सांगतात, काही ठिकाणी काटेरी तारा शाबूत आहेत. उत्तरेकडच्या भागात वरिष्ठांना ते पटत नाही. बरेच गोळे न फुटताच चिखलात रुतले आहेत. जर्मन सैनिक नऊ-दहा मीटर खोल तळघरांत बसून आहेत.

पहाटे 2:45. ला ब्वासेलजवळ जर्मनांच्या हाती एक ब्रिटिश फोन-संदेश लागतो. हल्ला जवळ आल्याचं त्यांना कळतं.

6:25. अखेरचा तुफान भडिमार. प्रत्येक शिपायाच्या अंगावर काडतुसं, हातबॉम्ब, पाणी असं सुमारे 30 किलोंचं ओझं आहे.

7 च्या सुमारास. तिएपवालच्या रानात गर्दीने भरलेल्या खंदकात बॉम्बची पेटी कोसळते. 20 वर्षांचा शिपाई बिली मॅकफॅडझीन बॉम्बवर स्वतःला झोकून देतो. तो जातो, भोवतालचे सोबती वाचतात.

7:20. बोमाँ-आमेलसमोर हॉथॉर्न टेकडीखाली 18 टनांहून अधिक स्फोटकांचा सुरुंग उडतो. त्याच वेळी इथल्या जड तोफा पुढच्या खंदकावरून मागच्या लक्ष्यांकडे वळतात. जर्मनांना वर येऊन मशिनगन लावायला दहा मिनिटं मिळतात.

7:30. शिट्ट्या वाजतात. सेर गावासमोर ॲक्रिंग्टन गावाच्या पलटणीतले सुमारे 700 जण निघतात. एका गल्लीतले, एका गिरणीतले मित्र एकत्र भरती झालेले. अर्ध्या तासात त्यांतले 580 हून अधिक मृत, जखमी किंवा बेपत्ता होतात.

9:15. पुढचे खंदक प्रेतांनी आणि जखमींनी तुंबले आहेत. म्हणून न्यूफाउंडलंडचे सुमारे 800 जण मागच्याच खंदकातून उघड्यावर निघतात. स्वतःच्या तारांमधल्या मोजक्या फटींतून जावं लागतं आणि जर्मन मशिनगन नेमक्या त्या फटींवर रोखलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 जण उभे राहतात.

10 नंतर. दक्षिणेला मोंतोबां गाव ब्रिटिशांच्या हाती येतं. इथे शेजारच्या फ्रेंच जड तोफांची साथ होती, तारा तुटल्या होत्या. शिपाई तेच, धाडस तेच.

रात्र. तिएपवालजवळचा जर्मनांचा श्वाबेन बुरूज सकाळी जिंकलेले अल्स्टरचे सैनिक मदत न पोहोचल्याने मागे हटतात. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या जमिनीवर पडलेले जखमी अंधारात सरपटत परतू लागतात.

एका दिवसात 57,470 ब्रिटिश सैनिक मृत, जखमी, बेपत्ता किंवा कैद झाले. त्यांतले 19,240 मरण पावले. लढाई 18 नोव्हेंबरपर्यंत चालली.

या दिवसाला दुर्दैव म्हणणं त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. तारा शाबूत असल्याचं जिवावर उदार होऊन पाहून आलेल्यांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. आराखड्याला त्यांच्या शब्दापेक्षा जास्त वजन मिळालं आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली. म्हणून सेनापतींच्या डावपेचांइतकीच गस्तीवरच्या शिपायांची साक्षही युद्धाच्या इतिहासात मानाने नोंदली गेली पाहिजे.