तीन अक्षरांचा शेरा

आमच्या माणदेशात ‘हे रान कुणाचं?’ असं विचारलं तर उत्तर यायचं, ‘कागदाला थोरल्याचं, खायला समद्यांचं.’ त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पाऊस बेभरवशाचा. एक भाऊ रान बघायचा, दुसरा मेंढरांमागं जायचा, तिसरा मुंबईची गिरणी गाठायचा. नाव मात्र थोरल्याचं लागायचं.

ही रीत सरकारलाही ठाऊक होती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं जमिनीच्या हक्कांची नोंद सुरू झाली, तेव्हापासून कब्जेदार म्हणून कुणाचं नाव लावायचं हा प्रश्न घरोघर आला. एकत्र कुटुंबासाठी तलाठी सोपी वाट काढत. कर्त्याचं नाव लिहायचं आणि त्यापुढं शेरा मारायचा, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठं ‘ए.कु.पु.’ असंही असे, म्हणजे पुढारी. अर्थ एकच. नाव याचं असलं तरी मालकी घराची आहे. पणजोबा वारल्यावर आमच्या थोरल्या आजोबांच्या नावापुढं हाच शेरा पडला.

कागदावरचं नाव आणि खरा धनी यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे पुढच्या तीस वर्षांत साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण ज्यांच्या पीकपाहणीत सावकारानं ‘खुद्द’ लिहून घेतलं होतं, ती कुळं घाम गाळूनही कोरडी राहिली. मग १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला. १९७५ मध्ये मर्यादा आणखी खाली आली. बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. तेव्हा कुणाकुणाची रानं सालगड्याच्या, मेव्हण्याच्या नावावर चढल्याच्या गोष्टी पारावर रंगत. ज्याच्या नावावर रान, त्याला बांधही माहीत नसायचा.

आमच्या घरात असली लबाडी नव्हती. होता तो विश्वास, आणि घोटाळा झाला तो त्यानंच. धाकटे आजोबा गिरणीत होते. पन्नासच्या सुमारास त्यांनी दरमहा मनीऑर्डरी धाडल्या, त्यातून ओढ्याकडंचं तीन एकर रान घेतलं आणि विहीर पाडली. खरेदीखत झालं थोरल्या आजोबांच्या नावानं. दुय्यम निबंधकापुढं सही कबूल केली की दस्त नोंदला जातो. पैका कुणाच्या घामाचा, हे तिथं कुणी विचारत नाही. वडिलोपार्जित रानाच्या उताऱ्यावर ती तीन अक्षरं होती, या नव्या रानाच्या उताऱ्यावर नव्हती. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

१९८२ चा संप झाला आणि धाकटे आजोबा ट्रंक घेऊन गावी परतले. तोवर थोरले आजोबा वारले होते, त्यांच्या मुलांची वारसनोंद झाली होती. वाटण्या निघाल्या. वडिलोपार्जित रानाचे तीन हिस्से बिनतक्रार झाले, शेऱ्याला कुणी नाही म्हणू शकलं नाही. ओढ्याकडचं रान मात्र अडलं. धाकटी आजी चावडीत बोलली, ‘माझ्या धन्याचा घाम हाय त्या हिरीत.’ चुलते मान खाली घालून म्हणाले, ‘काकी, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर कागूद दावा.’

कागद म्हणजे ट्रंकेतल्या मनीऑर्डरीच्या पोचा. पैसे पोचले एवढंच त्यावरून कळत होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं.

पुढं १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा आला. दुसऱ्याच्या नावावरची मालमत्ता खरी माझी आहे, असा दावा लावायची वाटच त्यानं बंद केली. एकत्र कुटुंबाला सूट होती, पण रान कुटुंबासाठीच घेतलं हे दाखवणं आपल्यावर. त्यात सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरीच धरतात. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि आजीला कोर्टाची पायरी चढू दिली नाही. शेवटी भावकीनं तिला त्या विहिरीची दोन दिवसांची पाळी दिली. तीही तोंडी.

बेनामीचा कायदा लबाडांसाठी झाला, हे खरं. पण गिरणीतून गावाकडं पैसे धाडणाऱ्या किती जणांची मालकी अशी मुक्यानं गेली असेल! आता उतारा मोबाईलवर दिसतो. अर्ज करून ‘ए.कु.मॅ.’ काढता येतो आणि सगळ्या वारसांची नावं लावून घेता येतात. पोरींचीसुद्धा, कारण २००५ पासून त्यांचा हिस्सा लेकांइतकाच आहे. भाऊ भावाला सांभाळतो हे ठीक. पण त्यांच्या पोरांपुढं नुसता उतारा येतो.

आमच्या धाकट्या आजीच्या नातवंडांची नावं वडिलोपार्जित रानाच्या सातबाऱ्यावर आता स्वतंत्र लागली आहेत. ओढ्याकडच्या गटावर ती नाहीत.