ग्रब स्ट्रीटचा दुसरा पत्ता

'ग्रब स्ट्रीट' म्हटले की इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला पोटार्थी लेखकांची लंडनमधली गल्ली आठवते. जॉन्सनने १७५५च्या कोशात तिची नोंद घेतली. १८३० साली तिचे नामांतर 'मिल्टन स्ट्रीट' झाले. (पोटार्थींच्या गल्लीला महाकवीच्या नावाशी जुळणारे नाव, हा विनोद तिथल्याच एखाद्या लेखकाला सुचावा!) त्याच सुमारास स्टॅफर्डशर परगण्यात नॉर्बरीजवळ याच नावाची एक खिंड कालव्यासाठी खोदली जात होती. दोहोंत नावापलीकडे नाते नाही. आम्हांला मात्र या दुसऱ्या ग्रब स्ट्रीटवरचा दगडी 'हाय ब्रिज', पूल क्रमांक ३९, एखाद्या संहितेसारखा वाचावासा वाटतो.

याला कमानी दोन, एकीखाली एक. वरचीवरून रस्ता जातो. खालची सडपातळ, तिच्यावरून वाट नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींना आत सरकू न देण्यासाठी ती मध्ये आधारासारखी बसवलेली आहे. तिच्यावर तारायंत्राचा एक बुटका खांब उभा आहे. छायाचित्रकार त्या खांबावर लुब्ध होतात. आमच्या मते खरा मजकूर त्या आडव्या कमानीत आहे. येथली माती मनुष्याच्या आखणीला सहजी बधत नव्हती, हे ती सांगते.

ही आखणी टॉमस टेलफर्डची. एस्कडेलच्या मेंढपाळाचा हा मुलगा पाथरवटाचे काम शिकला, कविताही लिहीत असे. राजकवी रॉबर्ट साउदीने १८१९ साली त्याच्यासह स्कॉटलंडचा प्रवास केला; पुढे टेलफर्डने मृत्युपत्रात या मित्रासाठी रक्कम ठेवली.

जुने कालवे उंचसखल भूमीला वळसे घालीत. रेल्वेच्या धास्तीने हा कालवा सरळ नेण्याचे ठरले : टेकडी आली की खिंड, सखल भाग आला की भराव. १८२६ साली कायद्याने मंजुरी मिळाली. पण जवळच्या शेल्मोर येथे लॉर्ड अॅन्सनच्या शिकारीच्या रानाला धक्का लागू नये म्हणून मार्ग बाजूला सरकवावा लागला आणि सुमारे मैलभराचा भराव घालावा लागला. मजुरांनी माती टाकावी, तिने घसरावे, असे पाच वर्षांहून अधिक काळ चालले. सरदाराच्या पाखरांची ही किंमत कोणी चुकवली, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १८३४मध्ये टेलफर्ड निवर्तला. कालवा मार्च १८३५मध्ये खुला झाला.

१८४६ साली तो ज्या कंपनीचा भाग झाला, तिच्या नावातच 'रेल्वेज' हा शब्द 'कॅनॉल'च्या आधी होता.