जेम्स कॅग्नी : पडद्यावरचा गुंड, करारातला मजूर



कामगार संघटनेच्या कामात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन एका अमेरिकन सिनेनटावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. म्हणून आरंभी एक घरगुती गोष्ट सांगतो. आम्ही तरुणपणी ज्या कारखान्यात उमेदवारीला लागलो, तेथे एक निष्णात फिटर होता. एके दिवशी तो मालकाच्या खोलीत गेला, भांडला आणि पगारवाढ घेऊन बाहेर आला. आम्ही सारे त्याचे कौतुक करीत घरी गेलो. महिनाअखेर आमच्या हाती मात्र पूर्वीचाच पगार पडला. त्या फिटरने आमचे काही भले केले काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे. जेम्स कॅग्नीचे चरित्र वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

कॅग्नीचा जन्म १७ जुलै १८९९ रोजी न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत झाला. बाप आयरिश वंशाचा, दारूच्या गुत्त्यात काम करणारा. १९१८ साली जी इन्फ्लुएंझाची साथ आली, तीत तो गेला. मुलगा कोलंबिया कॉलेजात जेमतेम एक सत्र शिकला होता. त्याने शिक्षण सोडले. वर्तमानपत्राच्या कचेरीत पोऱ्या, हॉटेलात सामान उचलणारा हरकाम्या, सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके लावणारा, मोठ्या दुकानात गाठोडी बांधणारा, असे मिळेल ते काम त्याने केले. रंगभूमीवरही तो शिरला तो कलेच्या ओढीने नव्हे. १९१९ मध्ये एका खेळात स्त्रीवेष घेऊन नाचणारा गडी हवा होता आणि त्याला पैसे हवे होते. आपण नाचणारा आहोत, नट नंतर, असे तो शेवटपर्यंत म्हणे. त्याच रंगभूमीवर भेटलेल्या नर्तकीशी १९२२ मध्ये त्याने लग्न केले आणि ते मरेपर्यंत टिकले. सिनेसृष्टीत ही गोष्ट लहान नव्हे.

१९३० मध्ये त्याने काम केलेले एक नाटक तीनच आठवडे चालले. पण त्याचे हक्क सिनेमासाठी विकले गेले आणि त्याबरोबर कॅग्नी वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत आला. पुढच्याच वर्षी ‘द पब्लिक एनिमी’ निघाला. आरंभी दुय्यम भूमिका कॅग्नीकडे होती. चित्रण सुरू झाल्यावर दिग्दर्शकाने भूमिकांची अदलाबदल केली. न्याहारीच्या टेबलावर प्रेयसीच्या तोंडावर अर्धे फळ दाबणारा तो गुंड रातोरात सर्वांच्या तोंडी झाला.

आता येथे त्या काळचा करार कसा असे, हे नीट समजून घेतले पाहिजे. करार सात वर्षांचा. पण सात वर्षे बांधला जाई तो फक्त नट. ठरावीक मुदत संपली, की त्याला ठेवायचे की काढायचे हे स्टुडिओ ठरवी. नटाने भूमिका नाकारली, तर त्याला बिनपगारी निलंबित करीत आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडीत. म्हणजे शिक्षा भोगावी आणि तिची मुदतही पुन्हा भरून द्यावी! या जोडण्याच्या पद्धतीवर खरा घाव पडला तो १९४४ मध्ये, ऑलिव्हिया डी हॅविलँड या नटीने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात वॉर्नर कंपनीविरुद्ध निकाल मिळविला तेव्हा.

कॅग्नीला हा हिशेब लवकर कळला. आपल्या चित्रांवर कंपनी किती मिळविते आणि आपल्याला किती देते, हे त्याने पाहिले. तो काम सोडून न्यूयॉर्कला जाऊन बसला आणि पगार वाढवूनच परतला. १९३२ मध्ये त्याने तेच पुन्हा केले. १९३५ मध्ये तर त्याने कंपनीवर दावा लावला : वर्षाला चार चित्रे ठरली असता पाच करून घेतली, आणि जाहिरातीत ठरलेले अग्रस्थान दिले नाही. १९३६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर त्याला ‘धंदेवाईक विरोधक’ म्हणत असे. एका लहान कंपनीत दोन चित्रे करून तो वॉर्नरकडे परतला, पण स्वतःच्या अटींवर.

श्रोतेहो, इतकेच असते तर आमच्या त्या फिटरची गोष्ट फक्त मोठ्या आकड्यांत सांगितल्यासारखे झाले असते. पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती.

मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या. स्टुडिओंनी आठ आठवडे पगार निम्मे करण्याचे ठरविले, आणि ज्या अकॅडमीचे ऑस्कर आपण सर्व जाणतो, तिने या कपातीला मान्यता दिली. ही अकॅडमी १९२७ मध्ये स्थापन झाली ती बव्हंशी स्टुडिओंच्या पुढाकाराने. नट-लेखकांना स्वतंत्र युनियनची गरज भासू नये, हाही तिचा एक हेतू होता. आमच्या भाषेत सांगायचे तर ती मालकांच्या पंखाखालची युनियन. कपातीने सर्वांचे डोळे उघडले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मोजक्या नटांनी स्क्रीन अॅक्टर्स गिल्ड स्थापन केले. ऑक्टोबरमध्ये नामांकित नट त्यात आले. त्यांत कॅग्नी होता.

त्याला गिल्डची गरज काय होती? स्वतःपुरते भांडून तो जिंकत होताच. गरज होती ती दिवसाच्या रोजावर येणाऱ्यांना, गर्दीत उभे राहणाऱ्यांना. कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. त्यांच्यातला एक जण काम सोडून गेला, तर दारात दहा उभे होते. मोठ्या नटाने संपाच्या कागदावर सही केली, तरच त्या कागदाला वजन येई. १९३५ मध्ये वॅग्नर कायदा झाला, एप्रिल १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि मे महिन्यात गिल्डच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने संपाची तयारी दाखविली. संप करावाच लागला नाही. निर्मात्यांनी करार केला आणि लहान नटाला किमान रोज लेखी मिळाला. कॅग्नीच्या स्वतःच्या पगारात या कराराने एका पैचीही भर पडली नसेल. आणि आमच्या मते त्याच्या चरित्रातील मोलाची गोष्ट नेमकी हीच.

त्याची किंमतही त्याने मोजली. कॅलिफोर्नियातील संपकरी कापूस-मजुरांना मदत केली म्हणून १९३४ मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप आला. १९४० मध्ये डाइस समितीपुढे तो पुन्हा आला आणि समितीने त्याला निर्दोष ठरविले. १९४२ ते १९४४ तो गिल्डचा अध्यक्ष होता.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचीही एक हकिकत ऐका. त्या काळी गोळीबाराच्या दृश्यात कित्येकदा खऱ्या गोळ्या झाडीत, आणि आरंभी कॅग्नीही त्यापुढे उभा राहिला होता. ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ या १९३८ च्या चित्राच्या वेळी त्याने नकार दिला. त्याच्या आठवणीनुसार, तो बाजूला झाल्यावर झाडलेली गोळी नेमकी त्याचे डोके असते तेथे लागली. यंत्रावर बोटे गमावलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता इतिहासाची थट्टा पाहा. कॅग्नीला ऑस्कर मिळाले ते ‘यांकी डूडल डँडी’ या १९४२ च्या चित्राबद्दल. त्यात त्याने जॉर्ज कोहन या नाट्यनिर्मात्याची भूमिका केली. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला, तेव्हा हाच कोहन त्यांच्याविरुद्ध हिरिरीने लढला होता आणि नटांच्या युनियनमध्ये तो कधीच गेला नाही. चित्रात या संपाचा मागमूस नाही. नटांच्या युनियनचा पुढारी संपविरोधकाच्या वेषात नाचला आणि पडद्याने दोघांचाही इतिहास झाकला.

पुढे १९४९ मध्ये ‘व्हाइट हीट’ आला आणि १९६१ मध्ये ‘वन, टू, थ्री’ करून तो आपल्या शेतावर निघून गेला. वीस वर्षांनी, १९८१ मध्ये, ‘रॅगटाइम’साठी तो परतला. उतारवयात त्याची मते उजवीकडे झुकली. रोनाल्ड रेगन यांचा तो पाठीराखा झाला. ३० मार्च १९८६ रोजी तो वारला. हे रेगनही एकेकाळी गिल्डचे अध्यक्ष होते. १९६० चा नटांचा संप त्यांनीच चालविला आणि त्यातून निवृत्तिवेतनाची योजना आली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ मध्ये त्यांनीच विमानवाहतूक नियंत्रकांचा संप मोडून ११ हजारांहून अधिक लोकांना कामावरून काढले.

आमचे काही सहकारी म्हणतात, अशा माणसाचे गुण काय गाता? आम्ही त्यांना सांगतो, माणसाच्या उतारवयातील मतांनी त्याने तरुणपणी केलेली सही पुसली जात नाही. १९३७ चा कागद पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडला. २०२३ मध्ये त्याच संघटनेच्या वारसदारांनी ११८ दिवस संप केला. यंत्राने नटाचा चेहरा आणि आवाज त्याच्या संमतीवाचून वापरू नये, हीही त्यांची एक मागणी होती.

आमच्या फिटरकडे परत येऊ. तो एकटा खोलीत गेला आणि एकट्यापुरते घेऊन आला; त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने दाखवून दिले की मागता येते. पण पुढे काही वर्षांनी युनियनचे अर्ज निघाले, तेव्हा पहिली सही त्याने केली असती तर आमचे काम सोपे झाले असते. ती त्याने केली नाही. कॅग्नीने केली. दोघेही आपापल्या कामात निष्णात होते; फरक एवढाच.