ओपनबोर्डव्ह्यू: बोर्डवरचा पार्ट शोधायचं फुकट सॉफ्टवेअर
लॅपटॉप बंद पडला की 'बोर्ड गेला' असं पटकन सांगितलं जातं. पण कधी कधी गेलेला असतो तांदळाच्या दाण्याहून लहान एक कॅपॅसिटर! तो शोधताना मी ओपनबोर्डव्ह्यू वापरतो. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतं. बोर्डची फाइल उघडून एका पिनवर क्लिक करा. तिला जोडलेल्या सगळ्या पिन उजळतात. नावात सी असेल तर कॅपॅसिटर, आर म्हणजे रेझिस्टर, यू म्हणजे आयसी. शॉर्ट झालेल्या लाइनवर कोणते पार्ट आहेत ते असं कळतं. त्यातला खराब कोणता, हे मात्र मल्टिमीटर घेऊन तुम्हालाच शोधावं लागतं. आणि हो, बोर्डची फाइल सॉफ्टवेअरसोबत येत नाही. ती मिळवताना बोर्डवर छापलेला नंबर जुळवून घ्या, नाहीतर भलत्याच पार्टवर सोल्डरिंग गन चालवाल.